शरणपूरच्या विद्यार्थ्याची रोजनिशी

कांहीं ग्रंथांच्या बाबतींत गुणदोषांच्या विवेचनाआधीं ते आपल्यापर्यंत कोणत्या वाटेनें आले हें सांगावें लागतें. जेकब वेनराइट याची रोजनिशी ही त्यांपैकीं एक होय. ता. ४ मे १८७३ रोजीं ती सुरू होते आणि ता. १८ फेब्रुवारी १८७४ रोजीं संपते. डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचें शव मध्य आफ्रिकेंतील चितांबोच्या गांवापासून हिंदी महासागराच्या किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्या तांड्यांतील एका आफ्रिकन तरुणानें ती इंग्रजींत लिहिली. छापली गेली मात्र ती प्रथम जर्मन भाषांतराच्या रूपानें, १८७४ सालींच, भूगोलज्ञ पेटरमान यांच्या नियतकालिकांत. हॅक्लुट सोसायटीनें ती इंग्रजी वाचकांपुढें आणली २००७ सालीं. आणि लेखकाच्या हातचें मूळ हस्तलिखित सर्वांस वाचावयास खुलें झालें तें २०१९ सालीं. इंग्रजींत लिहिलेला मजकूर इंग्रजी वाचकापर्यंत पोंचावयास जर्मनीचा फेरा घालून सवाशेंहून अधिक वर्षें लागलीं, हें ह्या लेखकाच्या एकंदर नशिबाशीं सुसंगतच म्हणावें लागेल.

मराठी मासिकांत हिची दखल घेण्याचें कारण असें कीं, हिचा लेखक नाशिकचा विद्यार्थी होता. न्यासा सरोवराच्या बाजूस राहणाऱ्या याओ लोकांत त्याचा जन्म झाला. लहानपणींच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हातीं सांपडला. ब्रिटिश आरमारानें गुलामांच्या गलबतांतून त्याची सुटका केली, आणि अशा सोडविलेल्या इतर मुलांप्रमाणें तोही मुंबई इलाख्यांत आणला जाऊन शरणपूर येथील आफ्रिकन आश्रयगृहांत वाढला. शरणपूर ही वसाहत चर्च मिशनरी सोसायटीचे रे. विल्यम सॉल्टर प्राइस यांनीं गेल्याच्या मागल्या शतकाच्या मध्यास नाशिक गांवाबाहेर वसविली. मुलांस तेथें लिहिणें-वाचणें, ख्रिस्ती धर्म आणि लोहारकाम-सुतारकामासारखे धंदे शिकवीत. आज शरणपूर रस्ता हा नाशकांतील दुकानांचा, बँकांचा आणि दवाखान्यांचा गजबजलेला रस्ता आहे. त्या नांवांतलें 'शरण' कोणाचें, हा प्रश्न रिक्षांतून जाणाऱ्यास पडण्याचें कारण नाहीं. गोदेच्या एका तीरावर पंचवटी, जेथें स्वतः वनवासी असलेल्या रामानें आश्रय घेतला; आणि दुसऱ्या तीराकडे हें शरणपूर. दंडकारण्यांतील ऋषींनीं रामापाशीं अभय मागितलें, ही कथा नाशकांतल्या पोरासोरांस ठाऊक असते. शरणपूरची कथा मात्र गांवाच्या स्मरणांतून जवळजवळ निघून गेली आहे.

आम्ही ही रोजनिशी वाचली ती एक प्रश्न मनांत धरून. ह्या मुलास शरणपुरांत जें मिळालें तें काय होतें? दया होती, कीं हक्क होता? हा प्रश्न जुना वाटेल. पण आजही युद्धाच्या आगींतून निघून आपल्या देशांत आलेल्या आफ्रिकन मनुष्यास आपण काय देतों ह्याचें उत्तर त्याच प्रश्नाच्या उत्तरांत आहे असें आमचें मत आहे, आणि तें पुढें यथाशक्ति मांडूं.

रोजनिशींत नाशिक शोधूं जाल तर निराशा होईल. लेखक आपल्या बालपणाविषयीं बोलत नाहीं. त्याला तो अवकाशच नाहीं. तिचा विषय वाट हा आहे. पावसाळी दलदली, ताप, रिकामे होत जाणारे कापडाचे गठ्ठे, गांवोगांवच्या मुखियांशीं घासाघीस, आणि ह्या सर्वांच्या मध्यभागीं एक झांकलेलें प्रेत. हजारांहून अधिक मैलांचा हा प्रवास. प्रेत घेऊन जाणाऱ्यांस कोणी गांवांत घेईना. एके ठिकाणीं लढाईचा प्रसंग आला. पुढें धान्याच्या ताटांची खोटी मोळी बांधून, प्रेत परत पुरावयास नेलें असा देखावा करावा लागला, आणि खरें प्रेत कापडाच्या गठ्ठ्याच्या वेषांत पुढें गेलें. उन्यान्येंबे येथें शोधार्थ आलेले लेफ्टनंट कॅमेरन भेटले व त्यांनीं शव येथेंच पुरावें असा सल्ला दिला. तांड्यानें तो मानला नाहीं. इंग्रज अधिकाऱ्याचा सल्ला नाकारून इंग्रज मनुष्याचा देह इंग्लंडास पोंचविण्याचा निश्चय करणारी हीं माणसें कोण होतीं? बहुतेक हमाल, कांहीं मुक्त झालेले गुलाम, आणि त्यांत नाशिकचीं मुलें.

लेखणी म्हणून पाहिलें तर वेनराइट मोठा लेखक नव्हे. त्याची इंग्रजी शाळेंतली आहे, आणि वाटेंतील लोकांविषयीं लिहितांना तो मिशनच्या बांकावर बसून शिकलेला अनादरही कधीं कधीं बाहेर काढतो. हें वाचून आम्हांस वाईट वाटलें, पण नवल वाटलें नाहीं. ज्या मुलास 'तूं अंधारांतून उजेडांत आलास' असें दररोज सांगितलें जातें, तो पुढें आपल्या भावंडांकडे उजेडाच्या बाजूनें पाहूं लागतो. आश्रय देणारा आश्रितास भाकरीबरोबर आपली दृष्टीही वाढतो, आणि ती नाकारण्याची मुभा आश्रितास क्वचितच असते. रोजनिशींतला हा दोष तिच्या खरेपणाचाच पुरावा आहे. तो सारवून टाकणाऱ्या वाचकास ती समजली नाहीं असें आम्ही म्हणूं.

परंतु तिच्या बाहेर, त्याच पहिल्या तारखेची, त्याच्या हातची आणखी एक ओळ होती, आणि ती कागदावर नव्हती. चितांबोच्या गांवीं लिव्हिंग्स्टन यांचें हृदय एका झाडाखालीं पुरलें, तेव्हां प्रार्थना वाचली ती जेकबनें. मग त्या झाडाच्या खोडावर त्यानें अक्षरें कोरलीं: लिव्हिंग्स्टन यांचें नांव, ४ मे १८७३ ही तारीख, आणि तांड्यांतील तीन माणसांचीं नांवें. त्या तिनांत त्याचें स्वतःचें नांव नाहीं. पुढें १८९९ सालीं तें झाड तोडून कोरलेला तुकडा लंडनला नेण्यांत आला. लेखनकलेच्या इतिहासांत ह्या कोरीव लेखास स्थान नसेल. पण ज्याला अक्षर येतें त्यानें ज्यांना येत नाहीं त्यांचीं नांवें कोरावीं आणि आपलें वगळावें, ह्यांत त्याच्या सगळ्या रोजनिशीहून अधिक लेखक दिसतो.

आतां दुसऱ्यांनीं त्याचें काय केलें तें पाहूं. ता. १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबींत लिव्हिंग्स्टन यांचा अंत्यविधि झाला, त्या वेळीं शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकब हा एकटा आफ्रिकन होता. त्याच वर्षीं होरेस वॉलर यांनीं लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या रोजनिशा दोन खंडांत छापल्या. अखेरच्या दिवसांची हकीकत त्यांनीं मुख्यतः सूसी व चूमा ह्या दोघां विश्वासू सेवकांच्या तोंडून ऐकून लिहिली. (चूमाही कांहीं काळ मुंबईंत डॉ. विल्सन यांच्या शाळेंत होता, हें जातां जातां.) ऐकीव हकीकत वॉलर यांनीं प्रेमानें मांडली ह्यांत शंका नाहीं, पण ज्यानें स्वतः दिवसांमागून दिवस टिपून ठेवले होते त्याचें लिखाण इंग्रजी वाचकांपुढें त्या वेळीं आलें नाहीं. बोलणारा आफ्रिकन संपादकास सोयीचा वाटतो, कारण त्याचें बोलणें संपादकाच्या वाक्यांत बसवितां येतें. लिहिणाऱ्याचें काय करावें, हा खरा पेंच!

ह्याच अखेरच्या रोजनिशांत, लिव्हिंग्स्टन यांच्या स्वतःच्या लेखणींतून उतरलेला एक प्रसंग आहे, आणि आमच्या मतें शरणपूरसंबंधीं उपलब्ध वाङ्मयांत त्याच्या तोडीचें दुसरें स्थळ नाहीं. १८६६ च्या सफरीवर निघतांना लिव्हिंग्स्टन यांनीं नाशिकच्या आश्रयगृहांतून नऊ तरुण बरोबर घेतले होते. ह्या मुलांविषयीं त्यांच्या लिखाणांत तक्रारीच फार: आळशी आहेत, मागें रेंगाळतात, वगैरे. वाट याओ मुलखांतून गेली तेव्हां त्यांतल्या अब्राहाम नांवाच्या तरुणास त्याचा चुलता भेटला. मुलगा जेथून हिरावला गेला तो मुलूख हाच. चुलत्यानें सांगितलें कीं, तुझ्या मागून तुझी आई आणि दोघी बहिणीही अरबांना विकल्या गेल्या. चुलत्यानें राहण्याचा आग्रह केला, लिव्हिंग्स्टन यांनींही केला, पुष्कळ महिने तग धरतां येईल एवढा माल देण्याची त्यांची तयारी होती. अब्राहामचें उत्तर प्रत्येक वेळीं एकच होतें: जेथें आई नाहीं, बहीण नाहीं, तेथें राहूं कसा?

ह्या उत्तरावर आम्ही फार भाष्य करणार नाहीं. परंतु निर्वासितांच्या प्रश्नाविषयीं बोलतांना 'ते आपल्या घरीं परत कां जात नाहींत?' असें जें सहज विचारलें जातें, त्याचें उत्तर नाशिकच्या एका मुलानें दीडशें वर्षांपूर्वीं देऊन ठेवलें आहे. घर म्हणजे अक्षांश-रेखांश नव्हेत. गांव जागेवर असतें, झाड जागेवर असतें, चुलताही असतो. पण ज्यांच्यामुळें तें घर होतें तीं माणसें उचलून नेलेलीं असतात.

इतकें स्पष्ट उत्तर मिळूनही ह्या मुलांच्या आश्रयदात्यांनीं पुढें काय केलें? १८७३ सालीं सर बार्टल फ्रियर यांच्या खटपटीनें, आणि आरमाराच्या धाकानें, झांजीबारच्या सुलतानानें गुलामांचा बाजार बंद करण्याच्या तहावर सही केली. फ्रियर हे मुंबईचे पूर्वीचे गव्हर्नर. नाशिकचें आश्रयगृह त्यांस ठाऊक होतें. सुटलेले गुलाम आतां मुंबईस न आणतां आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच वसवावे, आणि त्या वसाहतीस नाशिकच्या शिकलेल्या आफ्रिकनांचा आधार द्यावा, अशी योजना ठरली. प्राइस स्वतः १८७४ सालीं निघाले, मोंबासाजवळ फ्रियरटाउन वसलें, आणि शरणपूरचें आफ्रिकन आश्रयगृह बंद झालें. योजना वाईट नव्हती. जाणाऱ्यांपैकीं कित्येक उत्साहानें गेले असतील. तथापि आश्रय चालू ठेवावयाचा कीं मिटवावयाचा हें ठरविलें आश्रय देणाऱ्यांनीं, त्यांच्या सोयीच्या वर्षीं, त्यांच्या कारणांसाठीं. मोंबासांत ह्या मंडळींस नांव पडलें 'बॉम्बे आफ्रिकन'. नाशकांत ते आफ्रिकन होते आणि आफ्रिकेंत ते मुंबईचे झाले! ह्या दोन शब्दांत जेवढा इतिहास भरला आहे तेवढा मिशनच्या अहवालांच्या गठ्ठ्यांत नसेल.

तरीही ह्याच माणसांनीं जें केलें तें शरणपूरच्या बाजूनें सांगितलेंच पाहिजे. विल्यम हेन्री जोन्स हा याओ मुलगा, नाशिकला शिकून १८६४ सालींच राबाई येथें गेला होता. १८८५ सालीं त्यास धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली, आणि त्याच वर्षीं युगांडाच्या सरहद्दीवर बिशप हॅनिंग्टन मारले गेल्यावर तांड्यांतील उरल्यासुरल्यांना परत घेऊन आला तोही हाच. राबाईच्या वसाहतींत किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळून आलेले गुलाम येऊन राहत. कायद्याच्या दृष्टीनें ते दुसऱ्याची मालमत्ता होते. त्यांस थारा दिला तर मालक चिडतील आणि मिशनवर चालून येतील ही भीति खरी होती, आणि थारा देऊं नये असें वरिष्ठांचें धोरण होतें. तरी ते येत राहिले, आणि जोन्सच्या नजरेखालीं शेती करून नांदत राहिले. १८८८ सालीं प्रकरण हातघाईवर आलें, तेव्हां ईस्ट आफ्रिका कंपनीचे मॅकेंझी यांनीं मालकांस नुकसानभरपाई देऊन चौदाशेंच्या आसपास माणसें मोकळीं केलीं. १ जानेवारी १८८९ रोजीं त्यांस मुक्ततेचे दाखले मिळाले. भरपाई मालकांस मिळाली, राबणाऱ्यांस नव्हे, हा त्या काळाचा न्याय. पण मुळांत ह्या माणसांना पाय टेकण्यास जागा राहिली होती ती नाशकांत जागा मिळालेल्या एका मुलाच्या देखरेखीखालीं. प्राइस त्या वेळीं पुन्हा किनाऱ्यावर होते, आणि त्यांनीं त्या दिवसांवर 'पूर्व आफ्रिकेंतील माझी तिसरी मोहीम' ह्या अर्थाच्या नांवाचें पुस्तक १८९० सालीं छापलें. गुरूची मोहीम पुस्तकांत गेली. शिष्याचें काम माणसांत राहिलें.

शरणपूरवर एक आक्षेप नेहमींचा आहे, आणि तो टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. मिशनऱ्यांनीं अनाथ मुलें घेतलीं तीं ख्रिस्ती करण्यासाठीं, तेव्हां त्यांत कसलें औदार्य? आक्षेपांतली वस्तुस्थिति आम्हांस मान्य आहे. मुलांचीं नांवें बदललीं, कोणास प्राइस तर कोणास आयझेनबर्ग अशीं पाद्रीसाहेबांचींच आडनांवें चिकटविलीं, देव बदलला, निवड त्यांना दिलीच नाहीं. पण ह्यावरून निष्कर्ष काय काढावयाचा? आश्रय देऊंच नये हा, कीं आश्रयाच्या मोबदल्यांत आत्मा मागूं नये हा? पहिला निष्कर्ष काढणाऱ्यांनीं हेंही सांगावें कीं, गलबतांतून उतरविलेल्या त्या पोरांना त्या वेळीं नाशकांतल्या दुसऱ्या कोणी दार उघडलें होतें. खासगी दयेवर सोंपविलेला आश्रय दयाळूच्या हेतूचा रंग घेतो. ह्यावर उपाय एकच: आश्रय हा कायद्याचा विषय करणें.

भाषेंतच पाहा. 'निर्वासित' हा शब्द मनुष्य कोठून हाकलला गेला एवढेंच सांगतो. १९४७ नंतर कल्याणच्या छावण्यांत आलेल्या सिंधी बांधवांमुळें तो आपल्या रोजच्या वापरांत रुळला. 'आश्रित' म्हटलें कीं कोणाच्या तरी ताटाकडे पाहणारा मनुष्य डोळ्यांपुढें येतो. 'शरणागत' हा शब्द मात्र निराळ्या जातीचा आहे. आपल्या पुराणांत शरणागतास अभय देणें ही राजाची लहर नसून त्याच्यावरचें ऋण असतें. शिबीनें कपोतासाठीं आपलें मांस तोलून दिलें तें ससाण्याचा दावाही ऐकून घेऊन. तेथें शरण येणाऱ्याची जात, देश, उपयोग कोणी विचारीत नाहीं. आपल्या परंपरेंत जो हक्काचा शब्द आहे त्याच्या जागीं व्यवहारांत आपण कृपेचा शब्द चालवितों, ही आमची तक्रार आहे.

तक्रार वर्तमानाविषयीं आहे हें वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. ता. १५ एप्रिल २०२३ रोजीं सुदानांत दोन सेनाधिपतींचें युद्ध पेटलें. एक कोटीहून अधिक माणसें घरांतून उठलीं. बहुतेक देशांतल्या देशांत, आणि लक्षावधि चाड, इजिप्त, दक्षिण सुदान ह्या शेजाऱ्यांकडे. आपल्या सरकारनें 'ऑपरेशन कावेरी' चालवून तेथील हिंदी नागरिक त्वरेनें सोडवून आणले, आणि तें उत्तमच केलें. पण पुण्यासारख्या शहरांत वर्षानुवर्षें सुदानी विद्यार्थी शिकत आले आहेत. शिक्षण संपतें तेव्हां व्हिसा संपतो. आणि ज्या खार्टूमचें विमानतळ युद्धाच्या पहिल्याच दिवशीं रणांगण झालें, तेथें परत जा असें त्या मुलास सांगावयाचें काय? तो छळामुळें पळालेला नाहीं; तो आला तेव्हां निर्वासित नव्हताच. त्याच्या पाठीमागें देश जळाला.

आपल्या कायद्यांत ह्या मनुष्यास नांव नाहीं. १९५१ चा निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करार आणि १९६७ चा पूरक करार हे दोन्ही भारतानें स्वीकारलेले नाहींत. निर्वासितांसाठीं स्वतंत्र कायदा नाहीं. शेजारच्या देशांपलीकडून आलेल्यांची पारख दिल्लींतील संयुक्त राष्ट्रांच्या उच्चायुक्तांचें कार्यालय करतें आणि एक ओळखपत्र देतें. २०११ सालीं गृहखात्यानें एक कार्यपद्धति ठरविली: वंश, धर्म, राजकीय मत इत्यादि कारणांनीं छळ होईल अशी रास्त भीति दिसली तर दीर्घ मुदतीचा व्हिसा द्यावा, आणि त्यावर खासगी नोकरी व शिक्षण यांस मोकळीक असावी. तरतूद चांगली; परंतु ती खात्याची सूचना आहे, कायदा नव्हे, आणि तिची कसोटी छळ ही आहे, युद्ध नव्हे. तोफेचा गोळा कोणाचा वंश विचारीत नाहीं, म्हणून त्याच्यापासून पळणारा कसोटीस उतरत नाहीं! १९४६ चा परकीयांविषयींचा कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा अमलांत आला. त्याच सुमारास तिबेटी, ठराविक तारखेपूर्वीं नोंदलेले श्रीलंकेचे तामीळ, आणि तीन शेजारी देशांतील अल्पसंख्य यांस कांहीं सवलती मिळाल्या. सवलतींच्या त्या यादींत आफ्रिका नाहीं.

न्यायालयांनीं कांहीं आधार दिला आहे. चकमा लोकांच्या खटल्यांत १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, जीविताचें संरक्षण नागरिकालाच नव्हे तर प्रत्येक मनुष्यास आहे. पण २०२१ सालीं रोहिंग्यांच्या प्रकरणांतील अंतरिम हुकुमांत त्याच न्यायालयानें देशांत राहण्याच्या हक्काचा प्रश्न नागरिकत्वाशीं जोडला. न्यायाधीशागणिक बदलूं शकणारें अभय तें अभय कसलें?

कोणी म्हणेल, आमचाच देश गरीब, आमचीच माणसें कामाच्या शोधांत वणवण करतात, मग आफ्रिकेचें ओझें आम्ही कां घ्यावें? प्रश्न हेटाळणीचा नाहीं, आणि त्यास भावनेनें उत्तर देऊं नये. आपल्याकडे येणारे आफ्रिकन निर्वासित संख्येनें अगदीं अल्प आहेत. ओझें घेतलें आहे तें चाडनें, युगांडानें. युगांडाचेंच पाहा. १९७२ च्या ऑगस्टांत इदी अमीननें तेथील आशियाई लोकांस नव्वद दिवसांत चालते व्हा म्हणून हुकूम सोडला, आणि पिढ्यान्‌पिढ्या दुकानें चालविलेलीं हिंदी कुटुंबें हातांत एक पेटी घेऊन विमानतळांवर उभीं राहिलीं. इंग्लंडनें त्यांतलीं पंचवीस हजारांवर माणसें घेतलीं, कुरकुरत कां होईना. त्या वेळीं आपण शरणागत होतों. आणि तोच युगांडा आज पंधरा लाखांहून अधिक निर्वासितांस जागा देतो, व २००६ च्या कायद्यानें त्यांस काम करण्याची आणि देशांत हिंडण्याफिरण्याची मोकळीक देतो. अधिक काय, युद्धानें वा सार्वजनिक शांततेच्या भंगानें पळालेला मनुष्यही निर्वासितच, ही व्यापक व्याख्या जगास दिली ती आफ्रिकन राष्ट्रांनीं, १९६९ च्या अदिस अबाबा येथील करारानें. ज्यांस आपण मागणारे समजतों त्यांच्याकडून ह्या बाबतींत शिकण्यासारखें आहे.

आणि आमच्याच प्रांतांत दुसरें उदाहरण आहे. १९४३ ते १९४८ ह्या वर्षांत कोल्हापुराजवळ वळिवडें येथें सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक स्त्रिया आणि मुलें, राहिलीं. दुष्काळाचा, महागाईचा काळ होता. तरी वळिवडें बुडालें नाहीं. त्या आठवणीचा स्तंभ कोल्हापुरांत महावीर उद्यानांत उभा आहे, आणि त्या छावणींत वाढलेलीं माणसें म्हातारपणीं समुद्र ओलांडून तेथें येऊन गेलीं. पोलिश मुलांची आठवण कोल्हापूर जपतें, आणि याओ मुलांची नाशिक जपत नाहीं, ह्याचें कारण केवळ काळाचें अंतर असेल असें मानावयास आम्हांस बरें वाटलें असतें. पण मराठी मनांतला आफ्रिकन जंजिऱ्याच्या सिद्दीपाशीं थांबतो. तो शत्रु म्हणून बखरींतून भेटतो, मलिक अंबर म्हणून मुत्सद्दी भेटतो. आश्रय मागणारा म्हणून भेटत नाहीं, आणि शेजारी म्हणून तर नाहींच. महाविद्यालयांच्या गांवांत आफ्रिकन विद्यार्थ्यास खोली भाड्यानें मिळण्यास काय पडतें हें त्यालाच विचारावें.

मग मागणें काय? फार मोठें नाहीं. ज्याच्या देशांत युद्ध चालू आहे त्यास तें चालू असेतोंवर परत धाडूं नये, आणि हें कायद्यांत लिहिलें असावें. त्याच्या हातीं असा कागद असावा जो दाखविल्यावर पोलीस, शाळा, दवाखाना आणि धनी ह्या चौघांसही तो पुरा वाटेल. नकार द्यावयाचाच तर कारण लिहून द्यावें, आणि त्यावर दाद मागण्याची जागा असावी. डॉ. शशी थरूर यांनीं २०२२ सालीं लोकसभेंत आश्रयविषयक खासगी विधेयक मांडलें होतें. खासगी विधेयकांचें जें होतें तेंच त्याचें झालें. त्यांतल्या कलमांविषयीं मतभेद असूं शकतील, पण कायदाच नको हें मत आम्हांस शरणपूरच्या आश्रयगृहाच्या बंद दाराची आठवण करून देतें.

राहतां राहिला रोजनिशीचा प्रश्न. वेनराइट पुढें आफ्रिकेंतच मिशनच्या व इतर कामांत राहिला आणि १८९२ सालीं उरांबो येथें वारला. लिव्हिंग्स्टन यांचें शव नेणाऱ्या तांड्यांतला नाशिकचाच दुसरा एक विद्यार्थी, मॅथ्यू वेलिंग्टन, मोंबासांत १९३५ पर्यंत जगला. ही रोजनिशी अजून मराठींत यावयास हवी. ग्रंथ आटोपशीर आहे, मूळ हस्तलिखित उपलब्ध आहे, आणि भाषांतरकारास अडचण पडेल ती स्थळनामांची व कांहीं याओ आणि स्वाहिली शब्दांची. टीपा मात्र भरपूर लागतील, आणि त्या शरणपुरापासून सुरू झाल्या पाहिजेत. नाशिकचें सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे. म्हणजे जेकब अक्षरें गिरवीत होता त्या वेळीं तें गांवांत होतेंच. हें काम त्यानें अंगावर घ्यावें अशी आमची सूचना आहे, आणि प्रस्तावनेसाठीं तज्ज्ञ शोधतांना पुण्यांत शिकणाऱ्या एखाद्या आफ्रिकन विद्यार्थ्यास, त्याचा व्हिसा संपण्यापूर्वीं, विचारण्यास हरकत नसावी.